मोट, कंदील, पेव: कसब जातं कशानं?

हाताने फिरवायच्या ओपनरने पत्र्याचा डबा उघडणं आता कुणाला नीट जमत नाही, ही तक्रार ऐकायला जुन्या पिढीची नेहमीची कुरकुर वाटते. ओपनरचा इतिहास पाहिला की तिच्यातली गंमत कळते. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने १८१० साली घेतलं. डबा उघडायच्या हत्याराचं पेटंट तिथे निघालं १८५५ साली, आणि अमेरिकेत १८५८ साली. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओढून उघडायची कडी आली आणि ओपनर खणात जाऊन पडलं. म्हणजे ज्याला आपण ‘पूर्वीचं’ कसब म्हणतो त्याचं वय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं. त्याच्याही आधी एक वेगळं कसब होतं, ते गेल्याचं दुःख ओपनर वापरणाऱ्यांनी केलं नाही. सातारा-सांगलीच्या घरांत बंद डब्याचं अन्न कधी फारसं नव्हतं, त्यामुळे ओपनरची हळहळ इथे शहरी आणि उसनी आहे. तिच्यातला प्रश्न मात्र इथे फार नेमका विचारता येतो. रोजच्या वापरातली कसबं जातात कशाने? लोक आळशी होतात म्हणून, चांगलं साधन येतं म्हणून, की आणखी कशाने?

हा मुलूख या प्रश्नासाठी सोयीचा आहे, कारण जुनी कसबं मोडणारी साधनं इथेच तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुणे-मिरज रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्या रुळांच्या कडेला तीन कारखाने उभे राहिले. बेळगावात सायकलींचं दुकान आणि कडबा कापायची यंत्रं यांवर हात बसवलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर आले. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या बत्तीस एकर निवडुंगाच्या जमिनीवर त्यांनी लोखंडी नांगराचा कारखाना काढला. तीच किर्लोस्करवाडी. याच राजांच्या पाठबळाने १९१६ साली कऱ्हाड स्टेशनाशेजारी ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला आणि त्या वस्तीला ओगलेवाडी नाव पडलं. पुढे १९२२ च्या सुमारास धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोड स्टेशनापाशी सुरू झाला. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत वेगळा नव्हता. त्या वर्षी दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा या दोन जिल्ह्यांचा इतिहास एकत्र सांगण्यात ओढाताण नाही.

माझं म्हणणं असं आहे, की कसब एकट्या माणसाच्या हातात नांदत नाही. सामान पुरवणारा, दुरुस्त करणारा, उधारीवर देणारा, शिकवणारा आणि शेवटी ते काम मागणारा अशा बऱ्याच जणांच्या देवघेवीत ते नांदतं. ही देवघेव मोडली की हात कितीही तयार असोत, कसब उरत नाही. ती टिकली, किंवा तिने धंदा बदलला, तर कसब आपलं नावसुद्धा बदलून जगतं. आळस, विस्मरण, नव्या पिढीची नाजूक बोटं ही सगळी कारणं मला दुय्यम वाटतात.

कंदिलापासून सुरुवात करू, कारण आज साठी-सत्तरीत असलेल्यांना ‘आमच्या वेळचं’ म्हणून आधी कंदीलच आठवतो. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता. अमेरिकेतून येणाऱ्या डिट्झ कंदिलांच्या बाजारात त्याने स्वदेशी म्हणून जागा मिळवली. कंदील लावणं म्हणजे काडी ओढणं नव्हे. दिवेलागणीच्या आधी काच उतरवून घ्यायची, आत हात जात नसेल तर लहान मुलाचा हात घालायचा, कोरड्या राखेने आणि कागदाने काजळी पुसायची. ओलं फडकं लावायचं नाही, आणि गरम काचेवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, नाहीतर काच तडकलीच. वातीचं जळलेलं टोक सरळ कापायचं आणि दोन्ही कोपरे किंचित उतरवायचे. कोपरे तसेच राहिले तर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच एका अंगाने काळी होते. वात एकदम मोठी करायची नाही. काच तापली की चावी फिरवून हळूहळू वर घ्यायची. दोन्ही बाजूंच्या पोकळ दांड्यांतून ज्योतीला हवा मिळते, म्हणून त्या चेपलेल्या असता कामा नयेत. वाऱ्यातही कंदील विझत नाही तो या दांड्यांमुळे. हे सगळं घरातली बाई किंवा दहा-बारा वर्षांची पोर रोज करत होती, आणि त्याला कुणी कसब म्हणत नव्हतं.

आता हे कसब किती जणांच्या देवघेवीवर उभं होतं ते पाहा. ओगलेवाडीची भट्टी, काच फुंकणारे कामगार, पत्र्याचं काम करणारे, फुटलेली काच सुटी विकणारा बाजारातला दुकानदार, हातावर मोजून वात देणारा वाणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रॉकेल, आधी टिनाच्या चौकोनी डब्यांतून येणारं आणि पुढे रेशनवर मिळणारं. यातली एक-एक गाठ सुटत गेली. कोयनेची वीज १९६२ साली निघू लागली. ज्या सातारा जिल्ह्यात कंदील घडत होते त्याच जिल्ह्यातल्या धरणाने कंदिलाचं काम काढून घेतलं. ओगलेवाडीचा कारखाना बंद पडला, रेशनवरचं रॉकेल आटत गेलं. त्यानंतर एखाद्या घरात प्रभाकर कंदील अगदी धडधाकट असला, आणि वात कापणारी आजीही असली, तरी तो लागत नाही. आजी काही विसरलेली नाही. तिला काच, वात आणि तेल पुरवणारं बाजारात कुणी राहिलेलं नाही. शिवाय हा कंदील स्वतः कुणाच्या तरी मुळावर आलेला होता, हेही नोंदवायला हवं. रॉकेलच्या आधी गावात उजेड होता तो करडईच्या, करंजाच्या, एरंडाच्या तेलाचा, आणि ते तेल तेल्याच्या घाण्यावरून यायचं. परदेशी रॉकेल गावात शिरलं तेव्हा घाण्याच्या धंद्याचा दिव्याशी असलेला संबंध तुटला. पणतीची वात वळण्याचं कसब मात्र टिकलं, कारण देवघरात आणि दिवाळीत त्याला मागणी राहिली.

बैलांच्या जोरावर विहिरीतून पाणी काढायच्या कातडी मोटेचा दाखला याहून मोठा आहे. साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. नाव बारा मोटांचं असलं तरी मोटा लावायच्या जागा पंधरा सांगतात, आणि वर दालन आहे. पर्यटक दगडातली शिल्पं पाहतात. मला तिथे मोटांच्या जागा जास्त बोलक्या वाटतात, कारण एका विहिरीवर एवढ्या मोटा एकाच वेळी चालवायच्या तर भोवताली किती कारागिरांचा राबता असला पाहिजे, याचा हिशेब त्या जागांवरून मांडता येतो. सोंडेच्या मोटेला दोन दोर. जाड नाडा मोटेच्या तोंडाशी, तो वरच्या चाकावरून जातो. बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला, तो खालच्या कण्यावरून. मोट विहिरीतून वर येत असताना दोन्ही दोर सारखे ताणलेले असतात, त्यामुळे सोंड वर दुमडलेली राहते आणि पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की नाडा तिला वर खेचत राहतो, सोंदूर सोंडेला खाली थारोळ्याकडे ओढतो, सोंड उलगडते आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडतं. ते ओतायला माणूस लागत नाही. बैल धावेवरून उताराने खाली जातात तेव्हा मोटकरी नाड्यावर बसून आपलं वजन देतो. परत येताना बैलांना वळवायचं नाही, मागच्या पावलांनी चढावर सारायचं. बैलाला उलटं चालायला शिकवणं, दोन्ही दोरांची लांबी पाण्याच्या पातळीप्रमाणे बांधणं, पिकाकडे पाणी सोडणाऱ्याशी मोटेवरून ताल जुळवणं, हे सगळं मोटकऱ्याचं कसब झालं.

पण मोटकरी एकटा काय करणार? कातडं कमवायचं काम ढोराचं, मोट शिवायचं आणि भोकं बुजवायचं चांभाराचं, नाडा वळायचा मांगाने, चाक आणि कणा सुताराचा, कड्या लोहाराच्या. यांतल्या बहुतेकांना रोख पैसा नव्हे, तर सुगीच्या वेळी खळ्यावर बलुतं मिळायचं. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गावगाडा’त हे सगळं तपशिलाने मांडलं आहे, आणि तेही हळहळत नव्हे, तर बरंचसं टीकेच्या सुरात. मोट मोडली ती इंजिन आणि पंप आले तेव्हा, असं आपण म्हणतो. ते अर्धं खरं. पंप आला नसता तरी बलुत्यावर कातडं शिवून देणारा माणूस कायम राहिला असता, हे गृहीत धरायला काही आधार नाही. रोख मजुरी, मुंबईच्या गिरण्या आणि शाळा यांनी ती माणसं गावच्या बलुत्यातून बाहेर काढायला सुरुवात आधीच केली होती. पंपाने फक्त शेतकऱ्याची पंचाईत होऊ दिली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कसब जर देवघेवीत राहत असेल, आणि ती देवघेव जर जातीच्या उतरंडीवर बांधलेली असेल, तर ती मोडली याचं दुःख कसलं? याचं उत्तर साताऱ्याच्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी सांगितलं आहे, की शहरात न्हावी भरपूर असूनही त्यांच्या घरच्या मुलांचे केस कापायला कुणी तयार नव्हतं आणि ते काम थोरल्या बहिणीने केलं. १९०१ साली भावंडं-भाच्यांसह ते वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले आणि याच पुणे-मिरज मार्गावरच्या मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची, तो बरोबर चालेल. गाडी हाकण्याचं कसब त्या स्टेशनावर कितीतरी जणांच्या हातात होतं, पण ते या मुलांसाठी नव्हतं. कसब गावात असणं वेगळं आणि ते आपल्याला मिळणं वेगळं, हे त्या प्रसंगातून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशातून होत नाही. म्हणून मोट गेली, नाडा वळणारा आणि मेलेलं जनावर ओढणारा त्या कामातून सुटला, यात मला काही हरवल्यासारखं वाटत नाही. १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतनं रद्द झाली, त्याचं मी स्वागतच करतो. पण हे मान्य केल्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. मोट कशी शिवायची हे हात विसरले नाहीत. ज्या अटींवर ते शिवायला भाग पाडलं जात होतं त्या अटी माणसांनी नाकारल्या.

दुसरा आक्षेप साधनाच्या बाजूचा. चांगलं साधन आलं, जुनं गेलं, एवढं साधं कारण असताना देवघेव वगैरे कशाला मध्ये आणायचं? किर्लोस्करांचा नांगर याला उत्तर देतो. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जात होता, टिकत होता, तरी सुरुवातीला विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. ती समजूत खुळी म्हणून सोडून देण्यात शहाणपणा नाही. गावच्या सुताराने केलेला नांगर मोडला तर तो दुसऱ्या दिवशी नीट करून देत होता, बलुत्यात. लोखंडी नांगर मोडला तर काय, या प्रश्नाला १९१० साली गावात उत्तर नव्हतं. ते उत्तर तयार झाल्यावर, म्हणजे झिजलेला फाळ बदलायला सुटा मिळू लागल्यावर, रेल्वेने माल पोहोचू लागल्यावर आणि अडते उधारीवर देऊ लागल्यावर नांगर खपू लागला. साधन तेच होतं. त्याच्या भोवतीची देवघेव आधी नव्हती, नंतर जमली. डिझेल इंजिनाचंही तसंच. कूपरची आणि पुढे किर्लोस्करांची इंजिनं मळ्यांत आली तेव्हा ती चालू करणं हेच एक नवं कसब होतं: डिकॉम्प्रेशनची कळ उचलून धरायची, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा, नेमक्या क्षणी कळ सोडायची आणि हँडल बाहेर काढून घ्यायचं. चुकलं तर उलटा झटका बसून मनगट गेलं. पंपात आधी बादलीने पाणी भरायचं, ग्लँडची दोरी आवळायची. आज हेही ‘जुन्या माणसांचं’ कसब झालं आहे. त्याचं आयुष्य पन्नास-साठ वर्षांचंही नाही.

मग हरिपूरच्या पेवांकडे येऊ, कारण तिथे लोक एक सोपं कारण पुढे करतात आणि ते मला अपुरं वाटतं. सांगलीलगत कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या घट्ट मातीत माणूस उतरेल एवढ्या अरुंद तोंडाची, आत फुगत गेलेली खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची जुनी पद्धत. सांगली ही हळदीची मोठी पेठ झाली, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या पेवांचा वाटा आहे. पेव खणायला माती ओळखावी लागते. पाण्याचा पाझर असेल तिथे खणून उपयोग नाही. आतून उसाचं पाचट आणि चटया लावायच्या, हळद दाबून भरायची, तोंड मातीने बंद करायचं. हवा कोंडल्यामुळे कीड लागत नाही आणि हळदीचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. माल काढायच्या वेळी धोका माणसाला असतो. पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं आणि पेटता दिवा दोरीने खाली सोडून पाहायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, साठवलेली हळद सडली आणि पेवं बहुतेक मोडली. म्हणून सांगलीत कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: पुराने पेवं गेली.

पूर हे निमित्त, एवढंच मी म्हणेन. कृष्णेला पूर त्याआधीही येत, नदीकाठचा माणूस पूर ओसरल्यावर घर पुन्हा बांधतो, विहीर उपसतो. पेवं मात्र पुन्हा खणली गेली नाहीत. का? कारण तोवर हळदीच्या व्यापाराची रीतच बदललेली होती. पेवातली हळद ही ओळखीच्या विश्वासावरची ठेव. कुणाच्या पेवात किती पोती, ती कुणाची, याची खात्री अडत्याच्या वहीवर आणि शब्दावर. बँकेला आणि परगावच्या खरेदीदाराला ती खात्री पुरत नाही. त्यांना गोदाम लागतं, पावती लागते, विमा लागतो, मालाचा नमुना केव्हाही काढून पाहता यावा लागतो. गोदामाच्या पावतीवर रीतसर कर्ज मिळावं यासाठी २००७ साली केंद्राचा कायदा झाला. पेवातल्या मालावर अशी पावती कोण देणार? शीतगृहं आली, ट्रक दारात आले. पेव खणणाऱ्याला ते कसं खणायचं हे २००६ सालीही ठाऊक होतं, पण खणून घेणारा राहिला नव्हता. शेतमाल टिकवण्याची पद्धत म्हणून पेव शीतगृहापेक्षा स्वस्त होतं आणि विजेचं बिल शून्य, हे खरं. तरी त्या स्वस्ताईने ते वाचलं नाही. चांगलं साधन जिंकतं असं म्हणणाऱ्यांनी या दाखल्याचा विचार करावा.

माझ्या म्हणण्याची उलट बाजूही तपासायला हवी: देवघेव मोडली तरी कसब टिकलं, असा दाखला आहे का? मिरजेत तो सापडतो, निदान तसा भास होतो. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावायचा, तलवारी-भाले घासूनपुसून तयार ठेवायचा. मराठी राज्य बुडालं, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या राहिल्या, आणि शस्त्रांचं काम संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले, आणि मिरज हे सतार-तंबोऱ्याचं गाव झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे फौज गेली तरी हात राहिले, असं वरवर दिसतं. नीट पाहिलं तर जुन्या देवघेवीच्या जागी नवी आली म्हणून हात राहिले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, मिरजेला राहून गेलेले अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई, पंढरपूर भागातून येणारे वाळवलेले भोपळे, रेल्वेचं जंक्शन. यातलं काही नसतं तर कानसीवर बसलेला तो हात कशावर चालला असता?

आणि तो हात नेमका कुठे चालतो ते पाहण्यासारखं आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी किंचित गोलवा ठेवून घासतात, त्याला जवारी काढणं म्हणतात. तार त्या माथ्याला पुरती टेकता कामा नये आणि पुरती सुटताही कामा नये. थरथरताना ती घसटली पाहिजे, तरच तो गुंजणारा नाद निघतो. दोन-चार फेऱ्या घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. डोळ्याला दिसत नाही एवढा फरक कानाला कळतो. धारेचा पोत बोटाने ओळखणाऱ्या घराण्यातून हे आलं यात नवल नाही. आता इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचं ॲप आल्यावर शिकाऊ विद्यार्थी तंबोरा विकत घेत नाही. मानांकनाने नकली मालाला आळा बसेल, गिऱ्हाईक त्याने जन्माला येत नाही. मिरजेची जवारी टिकायची तर मिरजेत शिकवणाऱ्यांपेक्षा पुण्या-कोलकात्यात गाणाऱ्यांची गरज जास्त आहे.

तिसरा आक्षेप अलीकडचा. सगळं लिहून ठेवा, चित्रफिती करून ठेवा, म्हणजे कसब जाणार नाही. काही बाबतींत हे होऊ शकतं, आणि त्याचा उत्तम पुरावा सांगलीचाच आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली स्वयंपाकातला ‘अंदाज’ वाटी आणि चमच्यात मोजून दिला. सासूजवळ उभं राहून शिकायची सोय नसलेल्या, नोकरीसाठी परगावी संसार थाटलेल्या हजारो मुली त्या पुस्तकावर स्वयंपाक शिकल्या. पण पुस्तक का चाललं? डाळ, तांदूळ, मसाला, वाटी प्रत्येक घरात होती. रोज दोनदा भूक लागत होती. देवघेव शाबूत होती, फक्त शिकवणारी सासू दूर होती. तेवढी एक रिकामी जागा पुस्तकाने भरली. सोंडेची मोट कशी बांधायची याची चित्रफीत शंभर जणांनी पाहिली तरी नाडा कुणाकडून आणणार आणि बैलाला मागच्या पावलांनी चालायला कोण शिकवणार? नोंदी ठेवाव्यात, इतिहासाला त्या हव्यातच, पण नोंद ठेवली म्हणजे कसब ठेवलं असं समजू नये.

हे मान्य केलं तर आज कुठल्या कसबाकडे पाहायचं हेही बदलतं. मोट, पेव, कंदील यांची प्रदर्शनं भरतात. मोटर भरणाऱ्याचं कुणी भरवत नाही. सांगली, मिरज, विटा, कऱ्हाड, कोरेगाव, कुठल्याही बाजारगावात जा, कमी दाबाच्या विजेने जळलेल्या शेतपंपांच्या मोटरी रांगेने पडलेल्या दुकानात तो बसलेला असतो. जळकं वाइंडिंग कापून काढायचं, तारेचा गेज आणि वेढे मोजून घ्यायचे, खाचांत कागद बसवून नव्या तांब्याच्या तारेची कॉइल भरायची, वार्निश पाजून सुकवायची. कुठल्या कंपनीच्या किती हॉर्सपॉवरला किती वेढे, हे त्याच्या तेलकट वहीत असतं. ऊस जळायच्या आत, दोन दिवसांत मोटर परत मिळते, आणि पैसे बऱ्याचदा उसाचं बिल आल्यावर. ही देवघेव बलुत्यापेक्षा बरी आहे. तिच्यात जन्मावरून कुणाला काम ठरवून दिलेलं नाही.

तिची पुढची दहा वर्षं मात्र सोपी दिसत नाहीत. २०२४ पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. पॅनेल, पंप, कंट्रोलर असा संच एकाच पुरवठादाराकडून येतो आणि पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारीही त्याचीच. रात्री-अपरात्री पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने यात नाव ठेवायला जागा नाही, आणि मी ठेवतही नाही. पण त्या पाच वर्षांत बिघडलेला पंप गावातल्या दुकानात येणार नाही, आणि कंट्रोलर तर भरणाऱ्याला उघडूनही बघता येणार नाही. हमीची मुदत संपल्यावर त्या कंट्रोलरची पाटी मिरजेच्या बाजारात सुटी मिळाली, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये ती दुरुस्त करायला शिकवलं गेलं, तर मोटर भरणारा शिकलगारासारखा नव्या कामावर सरकेल. लोखंडी नांगराचा फाळ सुटा मिळत होता. कंट्रोलरच्या बाबतीत ते आजच्या करारांत कुठे लिहिलेलं नाही.